खडखडीत बरी

आई, परवा ऑफिसात कोणीतरी म्हणालं की गरीब लोक मुलांचे कॅन्सरचे उपचार मध्येच सोडतात ते पैशांपायी. तू असतीस तर चष्म्यावरून त्याच्याकडे नुसतं पाहिलं असतंस. मुलांच्या वॉर्डात समाजसेविका म्हणून तू अख्खी नोकरी केलीस. "पैसा हे कारण सगळ्यांना पटकन कळतं, म्हणून लोक तेच सांगून मोकळे होतात," असं म्हणायचीस. ट्रस्टांचे उंबरे झिजवून औषधं तर तू मिळवून द्यायचीस, तरी माणसं उपचार सोडून जायची. घरी दुसरं तान्हं असायचं, बापाची रोजंदारी सुटायची, आणि मुख्य म्हणजे मूल बरं दिसायला लागायचं.

मुळशीपलीकडची ती सहा वर्षांची मुलगी मला अजून आठवते. रक्ताचा कॅन्सर, उपचार जेमतेम निम्मे झालेले, आणि घरच्यांनी येणंच बंद केलं. मला तेव्हा हिंजवडीत नवी नोकरी लागली होती. रविवारी तू मला येरवड्याच्या घरातून उठवून एसटीत बसवलंस. आपण पोचलो तर पोर अंगणात पळतेय, डोक्यावर बोटभर नवे केस. तिची आजी चुलीपुढून उठून आली. "बरी हाय की आता. भाकरी खाती. जत्रंला हे केस देवीला द्यायचं, नवस फिटला. मग परत सुया टोचल्या तर देवी म्हणंल, ह्यांचा माझ्यावर भरवसा न्हाय."

मला वाटलं, आता तू समजावशील, निदान चिडशील तरी. तू चहा मागितलास. मग विचारलंस, "आजी, नवस काय बोलला होतात?"

"पोर खडखडीत बरी होऊ दे, म्हनून."

"मग अजून खडखडीत कुठंय? आजार आत दबा धरून बसलाय. शेवटचं इंजेक्शन होईपर्यंत मी तरी तिला बरी म्हणणार नाही. देवीला अर्धवट काम दाखवणार का?"

आजीनं चहाचं आधण उतरवलं. मग आपल्या मुलाला, पोरीच्या बापाला, म्हणाली, "बाईंचं खरं हाय. केस ऱ्हाऊ दे." मंगळवारी ती मुलगी बापाच्या कडेवर बसून वॉर्डात हजर होती.

परतीच्या एसटीत मी तुझ्याशी भांडले. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आपल्या घरात देव नाही, आणि तू देवीची वकिली करतेस? "देवीला वकील लागत नाही. त्या पोरीला लागतो," म्हणालीस आणि खिडकीला डोकं टेकून झोपलीस. सगळी घरं अशी परत आली नाहीत. जी आली नाहीत त्यांना तू कधी अडाणी म्हणाली नाहीस, मलाही म्हणू दिलं नाहीस. या मुलीचे उपचार मात्र पुरे झाले. नवस फेडताना त्यांनी तुला बोलावलं, तेव्हा तू पुढच्या रांगेत बसून पुरणपोळी खाल्लीस. मला तुझा केवढा अभिमान वाटला होता.

एक सांगायचं राहिलं. तुझ्या शेवटच्या आजारात मी रजा टाकून एकटीच त्या देवीला जाऊन आले. आई खडखडीत बरी होऊ दे, माझे केस देईन, असं बोलले. पुढे तू एकदा अंथरुणातून विचारलंस, "केस किती वाढवलेस गं, कापत का नाहीस?" ऑफिसमुळे वेळच मिळत नाही, म्हणाले. अजूनही विचारलं कोणी, तर तेच सांगते.