दोन बोटं केस

मुक्काम रशीद,
मंगळवार सकाळ

प्रिय सौसन,

सकाळपासून तीनदा वस्तरा दगडावर घासला, तीनदा पट्ट्यावर फिरवला, तीनदा डबीत ठेवून पुन्हा बाहेर काढला. मध्येच उठून नदीकडची खिडकी उघडली, वारा आला म्हणून लावली, कोंडल्यासारखं झालं म्हणून परत उघडली. तुझी आई असती तर म्हणाली असती, "अहो मास्तर, एका जागी बसा, नाहीतर खिडकीलाच धार लागेल!" तिला जाऊन आज तेहतीस दिवस झाले. तेव्हापासून गालाला वस्तरा लावलेला नाही. चाळिसाव्या दिवशी दुखवटा संपेल, त्या सकाळी मात्र दाढी करून माणसांत बसावं लागेल, तेव्हा धार आधीच तयार हवी.

तुला आठवतं? पट्ट्याचं एक टोक खिडकीच्या कडीला, दुसरं माझ्या हातात, आणि मी वर्गात शिकवलेली कविता म्हणत वस्तरा फिरवायचो. अर्ध्या ओळीला जाणं, अर्ध्या ओळीला येणं, आणि मधल्या विरामाला पात पाठीवर उलटायची. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे. तू विचारलं होतंस, "बाबा, पट्ट्यावर हा मागे मागे का चालतो?" मी म्हणालो, "लाजतो बिचारा." किती हसली होतीस! एकदा कवितेच्या नादात माझा विराम चुकला, पात धारेवरच उलटली आणि चामडं चिरलं. ती चीर अजून आहे. वस्तरा तिथे अजून अडखळतो. आता तर तिसऱ्या ओळीपाशी मीच अडखळतो, पुढचे शब्द सापडत नाहीत, मग पुन्हा पहिल्यापासून.

आणि पारख आईच्या केसाची. तिच्या फणीतला एक केस मुळाकडून चिमटीत धरायचा, धारेला नुसता टेकवायचा. आवाज न करता तुटून पडला, की काम झालं. "माझं डोकं भादरून तुमची दाढी!" असं ती करवादायची, आणि दुसऱ्या दिवशी फणीत मुद्दाम एक लांब केस ठेवून द्यायची. आता फणीत एकच उरला आहे. रोज काढतो, धारेपर्यंत नेतो, आणि हात खाली येत नाही. तुटला तर धार उत्तम, पण मग घरात तिचा केस नाही. म्हणून परत फणीत, आणि वस्तरा परत दगडावर. असंच चाललं तर पात झिजून सुई होईल. कोपऱ्यावरचा बय्यूमी न्हावी म्हणतो, "उस्ताद, माझ्या दुकानात पोतंभर केस पडलेत, हवे तेवढे न्या!" त्याला काय सांगू?

तुझी मावशी परवा म्हणाली, तू चाळिसाव्याला येणार नाहीस. मातीला आलीस तेव्हा बायकांत उभी होतीस, संध्याकाळच्या गाडीने परत सुएझला गेलीस, माझ्याशी एक शब्द न बोलता. माझी तक्रार नाही. सहा वर्षांपूर्वी तू केस कापून घरी आलीस, तेव्हा पाहुण्यांदेखत मी म्हणालो होतो, "हिचा केस माझ्या वस्तऱ्याला पुरायचा नाही, घराला ही काय पुरणार!" सगळे हसले. मुलुखियाच्या पातळ भाजीची वाटी तशीच ठेवून तू उठलीस. केस का कापलेस, हे मी विचारलंसुद्धा नाही. पुढे सहा वर्षं तुझा फोन आला की आई बोलायची, आणि मी शेजारच्या खोलीत उगाच वस्तरा फिरवत बसायचो.

सौसन, धारेला दोन बोटं केस पुरतो. जन्मभर हे काम केलेल्या माणसाला ते ठाऊक असतं. त्या दिवशी जेवतानाही मला ठाऊक होतं. चाळिसाव्याच्या सकाळी मी वस्तरा घेऊन खिडकीशी बसेन. तू येऊन तुझा एक केस दे. आखूड असेल तसा.

दाढी वाढवून बसलेला, तुझाच
बाबा