तिसऱ्या खंडातला घोडा

युसूफ वडगाव,
ता. ८ फेब्रुवारी १९८७

प्रिय भगवानराव यांस,
शहादेवाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

'राव' वाचून दचकू नका. बोर्डिंगात मी तुम्हाला काय काय हाका मारल्या ते मला आठवतं. पण येत्या रविवारी मुलाचे बाप म्हणून आमच्या दारात याल, तेव्हा जिभेला वळण असावं म्हणून आतापासून सराव करतो आहे.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. विहिरीनं तळ दाखवला. टँकर त्याच्या मर्जीनं येतो. आमच्या दूध संस्थेत कॅन वाजत येतात आणि वाजतच जातात. मी संस्थेचा सेक्रेटरी, आणि घरात चहा कोरा! त्यावरून वच्छलानं मला बोलायचं काही शिल्लक ठेवलेलं नाही.

तुमचा भारत अंबाजोगाईला दवाखान्याच्या लॅबमध्ये, आमची विशाखा तिथेच नर्स. दोघं एकमेकांना पसंत आहेत, हे तुम्हाला ठाऊक आणि मलाही. तरी रीत म्हणून बघायला या. पोहे भिजवण्यापुरतं पाणी राखून ठेवलं आहे.

एकच विनंती. 'धूम्रगड' या विषयाला हात लावू नका. बोर्डिंगात पैसे जमवून आपण त्या कादंबरीचे नऊ खंड घेतले आणि 'धूम्रगड ग्रंथ सहकारी संस्था मर्यादित' काढली. सभासद दोनच, चेअरमन तुम्ही, सेक्रेटरी मी. विषम खंड माझ्या घरी, सम तुमच्या. सर्वांत श्रेष्ठ प्रसंग कोणता, या ठरावावर दर वार्षिक सभेत मतं पडतात आणि दर वेळी एकास एक. मी म्हणतो तिसऱ्या खंडातला, जिथे वाळवंटात अंबरी आपली पाण्याची शेवटची पखाल शत्रूच्या घोड्यापुढे रिकामी करते. तुम्ही म्हणता सहाव्यातला, जिथे वीरसेन पंखवाल्या अजगराच्या पाठीवर उडी टाकतो आणि त्याच्याच आगीनं धूम्रगड जाळतो. हे भांडण पोरीच्या बघण्यात नको, असं वच्छलानं बजावलं आहे.

रुक्मिणीवहिनींना जयभीम. विहिरी आटल्या तेवढं पुरे, लोभ आटू देऊ नये.

आपला,
शहादेव


मांजरसुंबा,
ता. १७ फेब्रुवारी १९८७

श्री. शहादेव यांस,
भगवानचा जयभीम. वि. वि.

पोहे उत्तम होते. मुलगी पसंत होती. 'होती' हा शब्द नीट वाचावा.

लोक मुलीला स्वयंपाक विचारतात, भरतकाम विचारतात. मी तसला माणूस नाही. मी सुशिक्षित माणसाचा प्रश्न विचारला, की बाई, धूम्रगडातला तुझा आवडता प्रसंग कोणता? तिनं पापणीही न लववता सांगितलं, तिसऱ्या खंडातला घोडा. एवढ्यावर थांबली असती तरी मी गिळलं असतं. पण वर तिनं मलाच विचारलं की काका, अजगराचं अंग पेटलेलं असताना वीरसेन त्याच्या पाठीवर भाजला कसा न्हाई? इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. भारत हसला. माझा मुलगा! तुमच्या घरात बसून!

हा सरळ सरळ मतदार पढवून आणण्याचा प्रकार आहे. गेल्याच महिन्यात आमच्या सेवा सोसायटीच्या निवडणुकीत आबासाहेबानं लोकांना जीपमधून नेऊन ढाब्यावर मटण घातलं आणि मला पाडलं. त्यानं निदान मटणावर मतं नेली. तुम्ही माझ्यादेखत कोऱ्या चहावर नेलीत.

शिवाय व्यवहारही बघावा लागतो. आमच्या दारात पाण्याचे दोन ड्रम आहेत, तेही टँकरमागे पळून भरलेले. असल्या सालात घरातली शेवटची घागर शत्रूच्या जनावराला पाजणारी सून मला परवडणार नाही. तूर्त विषय तहकूब समजावा.

वच्छलावहिनींवर राग नाही. तुमच्याविषयीच्या लोभाचं नंतर बघू.

आपला,
भगवान
(चेअरमन)


युसूफ वडगाव,
ता. २१ फेब्रुवारी १९८७

भगवान्या,
जयभीम.

'राव' काढून टाकला आहे. एस.टी. कंट्रोलरची शिट्टी गळ्यात अडकवून तुझं डोकंही स्टँडासारखं झालं आहे. एक गाडी सुटल्याशिवाय दुसरी आत येत नाही.

मी पोरीला पढवलं, हे खरं आहे. पण काय पढवलं ते ऐक. आदल्या दिवशी तिला समोर बसवून मी सांगितलं, की तो माणूस धूम्रगडाचं विचारल्याशिवाय राहायचा न्हाई, तेव्हा डोळे झाकून अजगर म्हण. तिनं मान हलवली. मला वाटलं, झालं काम. पाहुणे गेल्यावर मी तिच्यावर चिडलो, तर म्हणाली की दादा, जिथं जन्म काढायचा तिथं पहिल्याच दिवशी खोटं कावून बोलू?

यावर तुझ्याकडे उत्तर असेल तर कळव.

तुझं पत्र तिनं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर निघून गेली. रडली असती तर मी समजूत घातली असती. पोर तुझ्या भारतमध्ये जीव गुंतवून बसली आहे आणि तिचा बाप घोडा आणि अजगर करत बसला आहे. मला हे बघवत नाही.

म्हणून लेखी देतो. मी माझं मत मागे घेतो. सहाव्या खंडातला अजगर श्रेष्ठ, वीरसेन श्रेष्ठ, आणि तो भाजला नाही तेही बरोबरच. आता तरी हो म्हण.

लोभ तुझ्या मर्जीवर.

शहादेव


मांजरसुंबा,
ता. २ मार्च १९८७

शहादेवभाऊ आणि वच्छलाबाई यांना,
रुक्मिणीचा जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी हे जेवले न्हाईत. मला वाटलं, मत मिळालं म्हणून माणूस नाचेल. तर म्हणाले, की शहाद्या अजगर म्हणाला म्हणजे तो आजारी असणार. मग सहावा खंड घेऊन बसले. थोड्या वेळानं मला विचारलं, की पेटलेल्या अजगरावर माणूस भाजायला पाहिजे का? मी म्हटलं, तव्यावर बसून बघा.

आता परवाची गोष्ट सांगते. आबासाहेब बाजारातून बैलजोडी माघारी घेऊन चालला होता. या सालात बैल घेतो कोण? नेमका आमच्या दारापुढं एक बैल बसला, तो उठेना. जीभ बाहेर आलेली. आबासाहेब कासरा धरून नुसता उभा. ह्यांना पाडलेलं, मग पाणी कोणत्या तोंडानं मागणार?

हे बाहेर गेले. मला वाटलं आता मारामारी. लई बोलले त्याला. मतं मागायला जीप घेऊन आलास, आता पाणी मागायला तोंड कावून शिवलंस बे, असं सगळ्या आळीला ऐकू जाईल इतकं बोलले. पण बोलता बोलता बादली ड्रममध्ये बुडवत होते. बैलाच्या तोंडावर पाणी मारलं, बादली पुढं धरली. बैल उठला, प्याला, मग दुसरा प्याला. एक ड्रम पार तळाला गेला, तरी शिव्या थांबल्या न्हाईत. आबासाहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते शिव्यांनी का बैलामुळं, त्यालाच ठाऊक.

घरात येऊन मला दम दिला, की शहादेवाच्या कानावर हे जाता कामा नये. मी शब्द दिला की एक अक्षर बोलणार न्हाई. लिहिण्याचा विषय निघालाच न्हाई.

आणखी एक. तुमच्या संस्थेचे सम खंड इतकी वर्षं मी झटकते, पण मला मत कुणी विचारलं न्हाई. माझा प्रसंग आठव्या खंडातला आहे. दोन राजे जेवणावरून उठून भांडायला लागतात, तेव्हा आचारीण चूल विझवून चालती होते. इथली चूल मी अजून विझवलेली न्हाई. गरज पडली तर विझवीन. पोरीला सांगा, धीर धर.

लेकराबाळांवर जीव आहेच, तुमचाही आमच्यावर राहू द्या.

तुमची बहीण,
रुक्मिणी


मांजरसुंबा,
ता. ९ मार्च १९८७

प्रिय शहाद्या,
सप्रेम जयभीम. वि. वि.

संस्थेची विशेष सभा काल मांजरसुंबा स्टँडवर कंट्रोलरच्या खोलीत भरली. चेअरमन हजर, सेक्रेटरी गैरहजर. गणपूर्तीअभावी सभा तहकूब केली, आणि चहा पिऊन त्याच जागी पुन्हा घेतली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे तुला मी सांगायला नको.

तुझं मत मागे घेण्याचं पत्र फेटाळण्यात आलं. भिऊन दिलेलं मत ही संस्था मोजत नाही. त्यानंतर कु. विशाखा हिला सभासद करून घेण्यात आलं. तिच्या मतामुळे घोड्याचा ठराव दोनास एक असा मंजूर झाला. चेअरमनचा विरोध नोंदवला आहे. अजगरच श्रेष्ठ आहे, हे मी मरेपर्यंत म्हणेन. वीरसेनाच्या अंगाला लेखकानं काहीतरी लावलेलं असणार, लिहायचं राहून गेलं असेल. रुक्मिणीनंही सभासदत्वासाठी अर्ज केला आहे. तिचा सूर पाहता तो नामंजूर करण्याची माझी छाती नाही.

मनात शंका राहू नये म्हणून स्पष्ट लिहितो. पोर खोटं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी मी ते विसरून गेलो असतो. ती माझ्या तोंडावर खरं बोलली, ते काही केल्या डोक्यातून जाईना. अशी माणसं घरात असावीत. भारतला कळवलं आहे. तो पुन्हा हसला.

लग्न बुद्धपौर्णिमेला करू. हुंडा नाही, मानपान नाही, आणि पंगतीला येणाऱ्यानं आपापला तांब्या भरून आणावा. मुलीबरोबर फक्त तिसरा खंड पाठव. ही माझी एकच अट आहे.

आबासाहेब मोठा आहेर घेऊन येणार म्हणतो. का, ते मला विचारू नकोस.

लोभ होता, आहे, आणि तहकूब होणार नाही.

तुझा व्याही,
भगवान

ता. क. तिसरा खंड लग्नाच्या आधीच कुणाबरोबर धाडता आला तर बघ. घोड्याला पाजून झाल्यावर अंबरी स्वतः काय प्याली, ते मला आठवत नाही. घरात एकच ड्रम उरला आहे, टँकरचा पत्ता नाही, आणि रुक्मिणी रोज विचारते.