चिरेवरची काच

ती. बाबा, साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. आमच्या भूकंप मोजणी केंद्रामागचा डोंगर दरवर्षी चार मिलिमीटर उंच होतो. खाली जमिनीचे दोन अवाढव्य तुकडे एकमेकांना रेटतात आणि मागे कोणीच सरत नाही, अगदी आपल्या दोन्ही काकांसारखे.

माझ्या खोलीच्या भिंतीला एक चीर आहे. तुम्ही गवंडीकामात लावता तशी मी तिच्यावर आडवी काचपट्टी चिकटवली. भिंत सरकली की काच तडकते. साहेब आधी हसले, मग त्यांनीही स्वतःच्या खोलीत लावून घेतली.

तुमचा गुडघा कसा आहे? शिडीवर चढू नका.

आईला सांगा, काच शाबूत आहे. तुम्हाला म्हणून सांगते, ती तिसरी आहे.

तुमची,
धाकटी