झोळी बांधलेला वर्ग

बाई, तुम्ही जाऊन खूप वर्षं झाली, हे वाचायला तुम्ही काही येणार नाही, म्हणून सरळच लिहिते. तुमच्या वर्गात तिसरीपर्यंत बसले तेवढीच माझी शाळा. आता तलासरीजवळ आमच्याच पाड्यावर शाळेची खिचडी शिजवते. तुमचा वर्ग शांत कसा राहायचा, ते मला आत्ता कळतंय. आमचे आईबाप पहाटेच टेम्पोत बसून बोर्डीला चिकूच्या वाडीत जायचे, धाकटी भावंडं आमच्या कडेवर. आधीचे गुरुजी अशा पोरींना दारातूनच हाकलायचे. तुम्ही तुमचं जुनं पातळ आणलंत, वर्गातच वाशाला झोळी बांधलीत आणि माझ्या भावाला तिच्यात निजवलंत. मग पोरांनी गलका केला तरी तुमचा आवाज चढत नसे, नुसतं झोळीकडे बघायचात. पोरंच एकमेकांना दटावायची, "ए गप, बाळ उठंल!" उठलंच, तर ज्यानं उठवलं त्यानं झोका द्यायचा, पाढे म्हणत. एकदा मी भावाला चापट मारली, तर माझा हात धरून म्हणालात, "भीतीनं गप बसलेलं पोर तू पाठ वळवलीस की दुप्पट रडेल." तेव्हा मला रागच आला होता.

आता नवीन सर आहेत. माणूस वाईट नाही, पण वर्ग हातात राहत नाही. मग हाक येते, "मावशी, जरा या हो." मी खिचडीचा डाव घेऊन दारात उभी राहते, एक आवाज टाकते, सगळे चिडीचूप. सर खूश. मी चुलीकडे वळले की पुन्हा बाजार. गेल्या आठवड्यात एका पोरीच्या कडेवरचा भाऊ रडत होता. मी खेकसले, "त्याला घरी ठेव, नाहीतर तूही येऊ नको." ती गेली, ती आलीच नाही. सर म्हणतात, "येईल हो." कसली येते? अशा पोरी एकदा सुटल्या की सुटल्याच, मी काय बघितलं नाही?

काल तिच्या घरी गेले. अंगणातून हाक मारली, तर तिची आई बाहेर येऊन म्हणाली, "मावशी, तुझा आवाज ऐकला न् पोर मागच्या दारानं पळाली बघ." भावालाही घेऊन ये, एवढंच गोड बोलून सांगायचं होतं. रस्ताभर घोकत गेले होते. आणि तिच्या आईला सांगून काय आले, तर "उद्या नाही आली तर पटावरून नाव काढतील, समजलं?"

आजही तिची जागा रिकामीच होती. मला हळू बोलताच येत नाही, बाई.