ओढता येतं, सोडता येत नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

जोर — शून्य. म्हणजे खाली गेले, पण वर आलेच नाही. गाल फरशीला लावून पडून राहिले. तिथून कपाटाखालचं सगळं दिसतं. दादाचं हरवलेलं पेन, एक मोजा, एक वाटाणा. वाटाणा किती जुना असेल? हातात घेतला तर खडा झालेला. तो निरखण्यात दहा मिनिटं गेली. मग वहिनी आली. "नणंदबाई, झोपायचं असेल तर गादी आहे की घरात!"

हे सगळं पडद्यापायी.

नाट्यगृहाच्या दारात तिकिटं फाडायला लागून दोन आठवडे झाले. शनिवारी रस्ता चुकून विंगेत शिरले. तिथे पडदेमामा उभे. चौतीस वर्षं पडदा ओढतायत, म्हणून सगळे त्यांना पडदेमामाच म्हणतात. दोर धरला, सहा हात मारले, आणि घराएवढा लाल पडदा सरसरत वर गेला! अख्खं नाटक उघडं पडलं. मी बघतच राहिले. बाहेर लोक तिकिटं हातात घेऊन खोळंबले होते, त्याची शुद्धच नाही.

"मला हे शिकायचंय," म्हटलं.

मामा आवाज न करता हसतात, फक्त पोट हलतं. "निम्मं वजन पलीकडची लोखंडं तोलतात. उरलेलं आपल्या हातावर. आणि ते उरलेलं तुझ्याएवढं आहे, बाई."

पण त्यांचा उजवा खांदा आता कानाच्या वर जात नाही, हे मी पाहिलंय. मार्चमध्ये ते थांबणार. व्यवस्थापक म्हणतात, सुतार आहेच की, त्यालाच लावू. मामा म्हणाले, "सतराला हॉल रिकामा आहे. त्या दिवशी ये. एका दमात वर गेला पाहिजे. मग बघू."

म्हणजे चौदा दिवस.

४ फेब्रुवारी

दादाला सांगितलं. जेवता जेवता म्हणाला, "ही आठवी नोकरी. आधीच्या सातही तूच सोडल्यास, एकीनेही तुला सोडलं नाही — एवढं मात्र मानतो."

फोटो स्टुडिओ, बेकरी, रोपवाटिका, कुरियर... सातवी कुठली ते दोघांनाही आठवेना. वहिनीला आठवली. मधमाश्यांची! तिथे मी चार दिवस टिकले होते.

५ फेब्रुवारी

फरशीवर जमत नाही तर ओट्यावर. हात ओट्याच्या कडेला, पाय मागे, अंग तिरपं. सात झाले! कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं तरी एवढं कळतं — उभं राहून सोपं, आडवं होऊन अवघड, तर मधलं आधी धरावं.

ओढण्यासाठी टॉवेल. टोकाला गाठ मारायची, गाठ दाराच्या पलीकडे टाकायची, दार बंद करायचं, टॉवेल धरून मागे रेलायचं आणि छाती दारापर्यंत आणायची. फुकटात जिम!

७ फेब्रुवारी

बिजागरी निखळली. दार माझ्यासकट आलं. मला काही झालं नाही. दाराला झालं.

दादाने स्क्रू वेचले आणि दार परत बसवलं. 

८ फेब्रुवारी, शनिवार

आता टेबल. टेबलाखाली उताणं झोपायचं, कड धरायची आणि स्वतःला वर ओढायचं. पहिल्याच ओढीत टेबल माझ्यावर झुकलं, मीठदाणी कपाळावर. वहिनी म्हणाली, "थांब." भाजीची टोपली घेतली आणि सरळ टेबलाच्या दुसऱ्या टोकावर जाऊन बसली. वर ती वाटाणे सोलतेय, खाली मी लटकतेय.

"वहिनी, हलू नकोस हं."

"मी कशाला हलते! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बसायला मिळालंय."

नऊ झाले. नंतर टेबलाच्या पोटाला कुणीतरी खडूने २२७ लिहिलंय ते दिसलं. २२७ काय? दोघी अर्धा तास तेच बोलत बसलो.

१० फेब्रुवारी

बैठका मारताना पाठीवर सॅक, सॅकमध्ये दोन विटा आणि दहा लिटर पाण्याचा कॅन. हीच सॅक पाठीवर टाकून मी सहा गावं बदलली. बिचारीला पहिल्यांदाच घरात राहून काम मिळालं.

ओट्यावर पंधरा. फरशीवर — दोन!! नाक टेकवून, प्रामाणिक!

११ फेब्रुवारी

संध्याकाळी घरी आले तर घरातल्या बोळात, दोन भिंतींच्या मधे, लोखंडी पाइप. भक्कम कंस ठोकून बसवलेला. भंगारवाल्याकडचा असावा, गंज घासून काढलेला. दादा ड्रिल पुसत होता.

"दारं वाचवायला," म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१२ फेब्रुवारी

मनगटं दुखतात. वहिनी म्हणाली, मूठ कच्ची आहे, आजपासून चादरी तू पिळायच्या. तिने पिळलेल्या चादरीतून मी आणखी एक थेंब काढू शकले नाही. मी पिळलेलीतून तिने अर्धी बादली काढली!

तिचे हात नीट पाहिले आज. चार वर्षं या घरात येऊन जाऊन आहे. कधी पाहिले नव्हते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एक!!! अख्खा! हात सरळ, पाय अधांतरी, हनुवटी पाइपच्या वर! वर गेल्यावर माळा दिसला, त्यावरचा बंद पंखा दिसला, पंख्यावरची धूळ दिसली. हे सगळं मी स्वतःच्या हातांनी स्वतःला उचलून पाहिलं!

घर डोक्यावर घेतलं. वहिनी धावत आली, दादा तोंडात ब्रश घेऊन आला. "परत कर," म्हणाला. नाही झालं. "मग झालाच नाही," म्हणाला. पण ब्रश तोंडात ठेवून हसत होता, सगळा फेस शर्टावर.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काय लिहू.

गेला! पडदा वर गेला, एका दमात. सहा नाही, आठ हात लागले, पण दम एकच! वर जाऊन टेकला, टक् आवाज झाला. सुतार खिळे ठोकत होता, त्यानेसुद्धा हातोडा ठेवून टाळी वाजवली. मी मामांकडे पाहिलं. माझी मान उंच.

"आता सोड," म्हणाले.

सोडला. आणि दोर पळाला! हातातून, साप पळावा तसा. आवळायला गेले तर तळहात भाजले. पडद्याच्या खालचा दांडा फळ्यांवर असा आपटला की धुळीत कुणी कुणाला दिसेना. व्यवस्थापक ऑफिसातून पळत आले. "काय पडलं? काय पडलं?"

मामा खोकत म्हणाले, "पडदा."

मग मला बाजूला घेऊन, अगदी हळू — "ओढता येतं तुला. सोडता येत नाही."

मला! जिने सात नोकऱ्या सोडल्या, कॉलेज सोडलं, सहा गावं सोडली — तिला सोडता येत नाही म्हणे! हसू यायला हवं होतं. आलं नाही.

१८ फेब्रुवारी

तळहातांना मलम. सॅकमधल्या विटा काढल्या. कपडे भरायला घेतले.

वहिनी दारात उभी राहिली.  "चादरी भिजवल्यात," एवढंच म्हणाली आणि गेली.

चादरी पिळल्या, आगआग झाली तरी. मग मामांच्या घरी गेले. आधी जायला हवं होतं.

मामा गॅलरीत उजवा हात शेकत बसले होते. म्हणाले, "वर न्यायला बैलसुद्धा चालतो. सुतार बैलच आहे. खाली आणायला माणूस लागतो. एक ते बारा अंक मोजत आणायचा. कमी नाही, जास्त नाही. पडदा पडला हे लोकांना कळता कामा नये, नाटक संपलं हे कळलं पाहिजे."

"पण जोर तर आहे माझ्यात आता!"

"जोर लावायचा जोर आहे. आवरायचा नाही. तो वेगळा असतो, बाई. तो वर जाताना येत नाही."

मग कधी येतो, हे त्यांनी सांगितलं नाही. अठ्ठावीसला रंगीत तालीम आहे, तेव्हा एकदाच परत धरायला देतील. तोवर व्यवस्थापकांना थोपवतील.

१९ फेब्रुवारी

काल मामांकडून येताना जिन्यात सुचलं. वर जाताना येत नाही — मग खाली येताना! स्टुलावर चढायचं, हनुवटी पाइपच्या वर ठेवूनच लटकायचं, स्टूल पायाने सारायचं, आणि फक्त उतरायचं. सावकाश.

एक, दोन, ती — धप्प.

कपडे परत खुंटीला.

२१ फेब्रुवारी

पाच अंक. उतरणं हे चढण्यापेक्षा किती जड आहे! उद्या हात वर होणार नाहीत. जोरसुद्धा आता तसेच — खाली जाताना आठ मोजायचे, वर कसंही या.

वहिनी अंक मोजते. तिचे अंक रबरी. मी लाल झाले की "सहासातआठ" एका श्वासात. मग भांडण. आता दादा मोजतो. तो घरोघरी विजेचे मीटर वाचणारा माणूस, अर्धा आकडासुद्धा सोडत नाही.

२४ फेब्रुवारी

नऊ. शेवटचे तीन येतच नाहीत. कोपर उघडलं की सगळं एकदम निसटतं. दादा म्हणाला, "तू नवाला सोडून देतेस. हात सोडत नाहीत, तू सोडतेस." तोंडावर राग दाखवला. पण खरं आहे. अवघड झालं की मी आधीच पुढच्याचा विचार करायला लागते. आज नवाला मी पंख्याच्या धुळीचा विचार करत होते!

२५ फेब्रुवारी

अकरा. धूळ पुसून टाकली.

२६ फेब्रुवारी

बारा!!! दादाचे बारा, वहिनीचे नाहीत! पाय टेकले तेव्हा टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. दादाने घड्याळ खिशात ठेवलं आणि म्हणाला, "हं." या "हं"साठी मी जन्मभर थांबले असेन.

आरशात खांदे पाहिले. माझेच आहेत! वहिनीच्या ब्लाउजची बाही दंडावर अडकते आता. वहिनी सगळ्या जिन्याला सांगून आली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

रंगीत तालीम. ओढला — सहा हातांत. सोडला — दहापर्यंत छान, मग दोर थोडा थरथरला. दांडा टेकला, आपटला नाही. धूळ नाही उडाली.

मामांनी दोर खुंट्याला गुंडाळला. मग व्यवस्थापकांना म्हणाले, "सुताराला खिळे ठोकू द्या."

पडद्याची नोकरी मिळाली!

१ मार्च, शनिवार

आज पहिला प्रयोग. तळहात कोरडे, बाकी सगळं ओलं. मामा म्हणाले, "मी शेजारी उभा नसणार हं." का, ते सांगितलं नाही.

२ मार्च, रविवार

काल बारा अंकांत उतरला. पापणीसारखा. टाळ्या पलीकडून आल्या, जाड कापडातून गाळून.

मग मामा आले — विंगेतून नाही, प्रेक्षागृहाच्या दारातून. इस्त्रीचा शर्ट, हातात तिसऱ्या रांगेचं फाडलेलं तिकीट. "चौतीस वर्षांत पुढून कधी पाहिलाच नव्हता," म्हणाले.

"कसा दिसतो?"

 डोळे पुसले. "तुलाही दिसेल. तुझ्या हाताखाली कुणी तयार झालं की."

मी तेवीस वर्षांची. तेवीस आणि चौतीस, सत्तावन्न.

चालेल.