एका चुलीवर दोघी

१४ ऑक्टोबर १९७८

दुपारी एक बाई दारात येऊन उभी राहिली. काखेत बोचकं, हातात पितळेची देगची. वाटलं, जुनी भांडी मोडीत घ्यायला फिरणारी असेल. म्हटलं, काही नको, पुढं जा. ती हलली नाही. म्हणाली, "देवराव घरी हायेत का जी?"

मी विचारलं, "तू कोण?"

"मी त्याची बायको. जयवंता."

दार लावून घेतलं.

अकरा वर्षं मी या माणसाची बायको आहे. देवळात माळ घातली, साऱ्या गल्लीत पेढे वाटले. यंदा आखाडीला ट्रक घेऊन गेला तो परत आलाच नाही. ट्रकवाल्या शेठनं सांगितलं — काम सोडलं, रायपूरला दुसऱ्याची गाडी चालवतो, तिकडं कोणी बाई केली आहे. ते ऐकून तोंडाला पदर लावून बसले. आता ही. म्हणजे शेवटची रायपूरवाली, पहिली ही, आणि मी मधली. मधलीला तर लोक शिवीसुद्धा धड देत नाहीत!

ती ओसरीवर बसली आहे. बसू दे.

१५ ऑक्टोबर

अजून बसलीच आहे.

१७ ऑक्टोबर

आज बोलावंच लागलं. गाव उमरेडच्या पलीकडं. देवरावचा भाऊ रुपराव, त्याच्या घरात राहायची, त्याच्या वावरात राबायची. पण मागच्या महिन्यात रुपरावनं तिचं बोचकं बाहेर फेकलं. "भाऊच राह्यला नाई त तू कोणाची?" असं म्हणाला म्हणे. एका ड्रायव्हरकडून आमच्या या नंदनवन वस्तीचा पत्ता काढला आणि नवरा शोधत आली.

"मले मूल नाई झालं म्हून तो सोडून गेला," ती म्हणाली.

माझ्या कानशिलात कोणी मारल्यासारखं झालं. मलाही तो हेच म्हणायचा — वांझ. पण ते तिला सांगायचं मला काही कारण नाही. मी म्हटलं, "मग इथं काय ठेवलं आहे तुझं?"

"काईच नाई. पण तिकडं बी काई नाई."

परसात तीन विटा मांडून चूल केली तिनं. माझ्या परसात! मला विचारलंसुद्धा नाही.

२२ ऑक्टोबर

धरमपेठेत शालिकरामकडे गेले. सख्खा भाऊ. व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसवलं, आत बोलावलं नाही. सारं ऐकून म्हणाला, "ती कोर्टात गेली त तूच ठेवलेली ठरशीन. लग्नाची ती हाय." वहिनी दाराआडून ऐकत होती. मग म्हणाला, "तू इकडं राहाले ये. हिचे गुडघे दुखतात. तुझी मदत होईन."

मोलकरीण पाहिजे तर मोलकरीण ठेव म्हटलं, आणि उठले. चहा तसाच ठेवला. पायी परत आले. सारा रस्ता दात आवळलेले, अजून जबडा दुखतो आहे.

घरी आले तर ओसरी झाडलेली. माझीच केरसुणी घेऊन. खूप राग आला.

३१ ऑक्टोबर

दिवाळी. मी एक पणती लावली. तिनं शेजारी दुसरी लावली. विझवणार होते. विझवली नाही, एवढंच.

१९ नोव्हेंबर

ताप उतरला. किती दिवस अंथरुणात होते, नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच — कपाळावर ओलं फडकं, तोंडाशी मुगाचं कढण, आणि तिचा तो राकट हात. मी एकदा वाटी उडवली. तिनं सांडलेलं पुसलं आणि दुसरी भरून आणली. म्हणाली, "फेकाची असन त फेक. मंग तिसरी आणतो. पण पिऊन घे वं."

उपकार करून राहिली माझ्यावर. हिच्या उपकारात मरायचं नाही मला.

आता घरात झोपते ती. घोरते. तंबाखूची चिमूट ओठात धरून. मोरीत केस टाकते. पहाटे उठून भांडी आपटते. माझ्या स्वयंपाकघरात माझंच मीठ सापडत नाही.

२६ नोव्हेंबर

आज तिनं पाटवडीचा रस्सा केला. शेजारच्या खोलीत दोन मेडिकलचे पोट्टे राहतात, त्यांनी भिंतीवरून वाकून विचारलं, "मावशी, एवढा वास कशाचा येऊन राह्यला?" हिनं दोन वाट्या नेऊन दिल्या. संध्याकाळी परत आले — उद्याही मिळेल का, पैसे देतो म्हणाले.

मी अकरा वर्षं इथं रांधते आहे. माझ्या भाजीचा वास कधी त्या भिंतीपलीकडं गेला नाही.

२ डिसेंबर

तिला स्पष्ट सांगितलं. खोली माझी, भांडी माझी, बाजारहाट आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझं. रांधणं तुझं. आपण मैत्रिणी नाही. बहिणी तर मुळीच नाही. येईल ते निम्मं निम्मं.

ती म्हणाली, "तिखट म्या टाकीन तेवढंच राहीन. त्यात तू बोलाचं नाई."

ठीक.

उद्यापासून खानावळ. शेजारचे दोघं आणि त्यांचे आणखी दोन दोस्त.

११ डिसेंबर

भाजीत कालही आग, आजही आग. पोट्टे नाक पुसत पुसत जेवतात आणि आणखी मागतात. तिची स्तुती करतात. वाढते कोण, ताटं मांडते कोण, पहाटे बाजारात भाव करते कोण — ते कोणाला दिसत नाही.

वांग्यात मीठ कमी होतं आज. मी मुद्दाम सगळ्यांसमोर बोलले. तिनं चाखलं आणि म्हणाली, "हो, कमी हाय." बस. भांडतसुद्धा नाही धड.

२० जानेवारी १९७९

घरमालक महादेवराव आले होते. पायातले जोडेसुद्धा काढले नाहीत. "माणूस नसलेल्या बायांले मी खोली देत नाई. महिनाअखेर खाली करा."

का कुणास ठाऊक, मला भीती वाटायची ती वाटलीच नाही. फक्त चीड आली. म्हटलं, "महादेवराव, घरात नवरा पाहिजे हाच तुमचा नियम ना? एका नवऱ्याची एक बायको राहते ते चालते. इथं त एकाच नवऱ्याच्या दोन हायेत. तुमचा नियम दुप्पट पाळून राह्यलो आम्ही."

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. पाहिलं तर जयवंता पदर तोंडात कोंबून हसत होती, देगची खाली लोळत होती.

मी हसले नाही. महादेवराव आमच्याकडेच जेवून गेले. पुन्हा भाजी मागून घेतली. खोलीचं काही बोलले नाहीत.

१८ फेब्रुवारी

आज चारच ताटं. मागच्या आठवड्यात पंधरा होती.

समोरच्या अंजनाबाईचं काम आहे हे. नळावर सगळ्या बायांना सांगून राहिली — नवऱ्यानं टाकलेल्या दोन बाया, संध्याकाळ झाली की तरुण पोट्टे आत शिरतात, दाराला पडदा असतो, आत काय चालतं देवालाच माहीत. एका पोट्ट्याच्या बापाला वर्ध्याला कळलं, त्यानं पोराचं जेवणच बंद केलं.

मला वाटलं जयवंता रडेल. ती चाकू धुवत होती. म्हणाली, "गावात बी असंच बोलत होते. तवा म्या ऐकून घेतलं. तुले कसं कराचं हाय?"

२० फेब्रुवारी

पडदा काढला. फाडूनच काढला. शेजारचे पोट्टे हाताशी घेऊन ओसरीवरच्या बांबूच्या तट्ट्यासुद्धा सोडवल्या. पंगत आता ओसरीवर, रस्त्याच्या तोंडाशी. ज्याला पाहायचं त्यानं पाहावं.

मग अंजनाबाईच्या दारात गेले. तिचा मुलगा-सून बाहेरच बसले होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अंजनाबाई, आमच्या घरात काय चालते ते तुम्हाले पाहाचं हाय ना? या. जेवाले या. पोटभर पाहा."

मला वाटलं दार लावेल. पण सून हसली, आणि त्या हसण्यानं म्हातारी चिडली. तरातरा आली आणि पाटावर बसली. जयवंतानं डाळीचे गोळे घातलेला गोळाभात वाढला, वरून कढत तेल सोडलं. अंजनाबाई चवथ्या घासाला थांबली. पदरानं डोळे पुसले. तिखटानं की कशानं, मला माहीत नाही. हळूच म्हणाली, "माह्या घरी मले कोणी गरम वाढत नाई वं."

मला तिची कीव करायची नव्हती. तिच्यामुळं माझी अकरा ताटं गेली. तरी दुसऱ्यांदा वाढलं.

२५ मार्च

ताटं परत आली. वीसच्या वर. मिलमधले चार कामगारही येतात. अंजनाबाई रोज दुपारी येऊन तांदूळ निवडते. पैसे नको म्हणते, गरम जेवण पाहिजे. नळावर आता आमचीच बाजू घेऊन भांडते. तोंड तेच, फक्त दिशा बदलली.

१९ मे

ऊन असं की भिंतीला हात लागत नाही. मेडिकलचे पोट्टे परीक्षा देऊन गावी गेले. कामगारच आहेत. जयवंता आणि मी दिवसभर एकमेकींवर खेकसतो. आज मी तिला म्हटलं, तुझा तो घामट वास. ती म्हणाली, तुझी ती कुरकुर. मग दोघी माठातलं पाणी प्यायलो आणि पुन्हा कामाला लागलो.

शालिकराम आला होता. गाडीवरून उतरलासुद्धा नाही, म्हणाला, वहिनीच्या माहेरचं कोणाचं लग्न आहे, पाटवडी करून द्याल का. जयवंता माझ्याकडं पाहायला लागली. मी म्हटलं, देऊ. पण वहिनीनं स्वतः येऊन सांगावं, आणि आत येऊन बसावं.

१६ ऑगस्ट

लिहून टाकते.

जयवंता सकाळी भाजीला मार्केटात गेली होती. अंजनाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी कणीक मळत होते. सावली पडली म्हणून वर पाहिलं. देवराव.

वाळला आहे. केसांना कलप. "कौशल्या, पाणी दे वं," म्हणाला, जसा काल गेला होता.

पाणी दिलं. तहानलेल्याला नाही म्हणू नये. प्यायला, आणि ओसरीवर नजर फिरवली. पाट, ताटं, पिंप. "मस्त चाललं हाय तुझं. जयवंता बी अथीच हाय म्हणते. तिले गावी पाठवून देऊ. रुपरावले मी सांगतो. मग आपण दोघं चालवू. गल्ल्यावर मी बसतो."

किती दिवस मी या माणसाची वाट पाहिली होती. मनात कितीदा त्याला शिव्या दिल्या, कितीदा पाय धरले. आणि समोर आला तर गल्ल्यावर बसायला!

मी विचारलं, "रायपूरवालीचं काय झालं?"

"सोडली. तिलेबी काई झालं नाई. वांझच निघाली."

कणकेचा हात तसाच राहिला माझा. एवढी वर्षं तो शब्द घेऊन मी हळदीकुंकवाला गेले नाही. कोणाचं बाळ मांडीवर घेतलं नाही. बारशाच्या घरावरून जाताना रस्ता बदलला. आणि उमरेडच्या पलीकडं दुसरी एक बाई तेच करत होती, आणि रायपूरला तिसरी.

"तीन वावरं पाह्यली, देवराव," मी म्हटलं. "तिन्हीले दोष देऊन राह्यले. बियाणं कधी पाह्यलं का?"

त्यानं हात उचलला. मी मागं सरले नाही. ओसरीवरून अंजनाबाई उठली, सूप टाकून, हातात पाट घेऊन. सत्तरीची म्हातारी! माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. त्याचा हात खाली आला.

"जा," मी म्हटलं. "इथं जेवाचं असन त पैसे देऊन, पंगतीत. राहाचं असन त दुसरीकडं."

गेला. कोपऱ्यावर एकदा वळून पाहिलं त्यानं. मीही पाहिलं, खोटं काहून लिहू?

जयवंता मेथी घेऊन आली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. अंजनाबाईला डोळ्यांनीच गप्प केलं.

१७ ऑगस्ट

नाही सांगितलं. तो तिचा नवरा आहे. अग्नीसमोरचा. माझ्या आधीचा. त्याला परस्पर हाकलायचा मला काय हक्क? आणि सांगितलं, ती म्हणाली बोलाव त्याला, तर? बोचकं उचलून त्याच्या मागं गेली तर?

खानावळ बंद पडेल म्हणून भीती वाटते की आणखी कशानं, ते तपासून पाहायचं नाही मला.

ती आज माझ्याकडं चोरून पाहते. अंजनाबाई बोलली असेल का?

१९ ऑगस्ट

सांगून टाकलं. ती भाकरी थापत होती. थापत राहिली. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग म्हणाली, "तुह्याकडं याच्या आधी, सोमवारीच मले भेटला मार्केटात. म्या तेथूनच वाटेले लावलं."

मी म्हटलं, "मग मले काहून नाई सांगतलं?"

"वाटलं, तू घेशीन त्याले घरात. अन् मले काढशीन."

तव्यावरची भाकरी जळायला लागली. दोघी तिथंच उभ्या होतो. कोणीच उलटली नाही.