रोख्यांच्या पैशात डांबर बसत नाही

ग्रँड-कॉव्ह, मेन
६ सप्टेंबर

ती. ओनेसिमदादास,
ओडीलचा नमस्कार. तुला घ्यायचा नसला तरी लिहिते.

तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तू माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. इकडे बटाट्याच्या काढणीची सुट्टी लागली, निम्म्या विद्यार्थिनी शेतात आहेत. तुझ्या गुडघ्याची चौकशी करणार होते, पण तुझ्या बटाट्याच्या कोठारावरचा बोर्ड पाहिला आणि चौकशी बाजूला राहिली. ‘तिसऱ्या प्रश्नाला नाही म्हणा.’ अक्षरं एवढी मोठी की नदीपलीकडे कॅनडातूनही वाचता यावीत!

नोव्हेंबरच्या मतदानात तिसरा प्रश्न काय आहे, हे तुला माहीत आहे. राज्याने कर्जरोखे विकून कॉलेजांच्या इमारती बांधाव्यात की नाही. आपल्या नर्सिंग विभागाची नवी इमारत त्यातच आहे. दोन वर्षांत सरावाचा नीट कक्ष झाला नाही, तर तपासणी मंडळ आमचा अभ्यासक्रम बंद करणार. सेहेचाळीस मुली आहेत, दादा. ऑगस्टमध्ये आमदार आले तेव्हा वर्गात धो-धो गळत होतं. पेपरातला फोटो तूही पाहिला असशील. आणि एकतीस वर्षं त्याच छपराखाली पगार घेतलेला माणूस असा बोर्ड लावतो! दादा, तो उतरव.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.
ओडील

*

सेंट-आलेक्सी
११ सप्टेंबर

चि. ओडीलस आशीर्वाद. आई सवय लावून गेली म्हणून.

गुडघा ठीक आहे. बोर्ड उतरणार नाही.

एकतीस वर्षं छपराखाली नाही, छपरावर काढली मी. शेवटची सहा वर्षं दर वसंतात डांबराचे वीस डबे मागायचो. तुझ्या प्राचार्यांचं उत्तर ठरलेलं, दुरुस्तीला पैसे नाहीत. मग माझी जागाच काढून टाकली. पैसे का नव्हते ते आता कळतंय. रोख्यांच्या पैशात नवी इमारत बसते, डांबर बसत नाही. म्हणून जुनं कुजू द्यायचं आणि लोकांसमोर रडायचं. व्याज भरणार आम्ही.

आणखी एक. आमदार गेल्यावर दुसऱ्या दिवशी कॉलेजने मलाच बोलावलं, तासाच्या मजुरीवर, कारण वर चढणारा कुणी उरला नाही. तळं साचलं होतं. निचऱ्याच्या तोंडात हात घातला तर आत चादर. वाऱ्याने गेलेली नव्हे. नीट घडी घालून, कोपरे आत दुमडून बसवलेली, तुम्ही नर्सिंगवाल्या घालता तशी. तुझ्या कुठल्या पोरीला वर चढवलंस?

ओनेसिम

*

ग्रँड-कॉव्ह
१५ सप्टेंबर

ती. दादास सा. न.

माझ्या मुलींचं नाव घ्यायचं नाही. पहाटे चारला उठून वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालून मग वर्गात येतात त्या. खिडकीतून चादर उडाली असेल, कुणाला ठाऊक? गच्चीवर कबुतरं घरटी करतात, तेही तूच सांगायचास.

खरं सांगू? तुझी जागा गेली, तो राग तू सेहेचाळीस मुलींवर काढतो आहेस. रीतावहिनी गेली त्या हिवाळ्यात अख्ख्या इस्पितळात रात्रपाळीला एकच नर्स होती. ते तरी आठव आणि मग मत दे.

ओडील

*

सेंट-आलेक्सी
२० सप्टेंबर

ओडील,

रीताला मध्ये आणलंस. बरं केलंस, आता मलाही संकोच नाही.

कबुतरं कोपरे दुमडत नाहीत. येत्या शनिवारी चर्चच्या सभागृहात घेवड्याच्या दाण्यांचं जेवण आहे. मतदानाआधीचं शेवटचं, म्हणजे दरीतली सगळी गावं जेवायला येणार. तिथे उभा राहून सांगणार आहे की ती गळती केलेली होती. गच्चीची किल्ली त्या आठवड्यात कुणाकडे होती, ते रखवालदाराच्या वहीत आहे. नर्सिंगच्या चार मुली. मारिएट सीर आणि बाकीच्या तिघी. नावं वाचून दाखवीन.

ओनेसिम

*

ग्रँड-कॉव्ह
२३ सप्टेंबर

ती. दादास,

मी केलं.

मुलींना मी गच्चीवरच्या खोलीतल्या जुन्या खाटा आणायला पाठवलं होतं, किल्ली त्यासाठी होती. त्यांनी परत दिली, मी ठेवून घेतली. आमदार यायच्या आदल्या संध्याकाळी वर गेले. रेडिओवर पावसाचा अंदाज सांगितला होता. दर वादळात गळतंच ना दादा, फक्त ज्या दिवशी पाहुणे येतात त्या दिवशी नेमकं गळत नाही! पाच वर्षं हेच चाललंय. येतात, कोरडं छत बघतात, कॉफी पितात, जातात. चादर घडी न घालता कोंबायला हवी होती. हातांना सवय.

मुलींची नावं घेऊ नकोस. माझं घ्यायचं तर घे. शनिवारी मी येणार नाही, तेवढं धैर्य नाही.

ओडील

*

सेंट-आलेक्सी
८ नोव्हेंबर

ओडील,

अभिनंदन. ‘हो’ जिंकलं. मी ‘नाही’वरच खूण केली, सांगून ठेवतो.

जेवणाला काय झालं ते तुला इतरांनी सांगितलंच असेल, पण अर्धवट. मी उभा राहिलो. पाद्रीबुवांनी चमचा वाजवून सगळ्यांना गप्प केलं. दाणे वाढत होती तुझी ती मारिएट. मला म्हणाली, ओनेसिमकाका, आधी बसून खाऊन घ्या, भाषणाने पोट भरत नाही. शेजारच्याने विचारलं, शिकून कुठे जाणार पोरी? म्हणाली, कुठे जाणार, आपल्याच इस्पितळात, रात्रपाळीला. दोनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, दाण्यांत मीठ कमी आहे. आणि बसलो. लोक अजून हसतात मला.

हे तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. ‘रात्रपाळी’ या एका शब्दाला मी विकला गेलो, आणि त्याची मला किळस येते. लोकांनी खोट्या फोटोवर मत दिलं आणि त्यात माझं गप्प बसणं मिसळलं.

दोन वर्षांपूर्वी तू त्या लेव्हेकच्या पोरीला काढून टाकलंस. न मोजलेला ताप तिने तक्त्यात लिहिला म्हणून. तिची आई रडत इथे माझ्या घरी आली, तेव्हा तू इथेच होतीस. तू दारातच म्हणालीस, खोटी नोंद करणारा हात रोग्याजवळ नको. मी तेव्हा तुझ्या बाजूने बोललो होतो. आता तूच सांग, कुणाच्या बाजूने बोलू?

नाताळला येऊ नकोस.

ओनेसिम

*

ग्रँड-कॉव्ह
२ डिसेंबर

ती. दादास ओडीलचा नमस्कार.

काल वर्गात सगळं सांगितलं. चादर, किल्ली, फोटो. मारिएट उठली आणि म्हणाली की किल्लीच्या वहीत आमची नावं आहेत हे तुम्हाला माहीत होतं. मी म्हटलं, होतं. ती खाली बसली आणि तास संपेपर्यंत तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मग प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, मतदान झालंय, आता कशाला उकरता, असं सगळेच करतात. मी राजीनामा टेबलावर ठेवला. सोबत चिठ्ठी, गळती कशी झाली ती, माझ्या सहीची. एक प्रत पेपरला टाकली. लेव्हेकबाईंकडेही गेले. त्यांनी दार उघडलं नाही, म्हणून बाहेर बर्फात उभी राहून दाराला सांगितलं.

इमारत होईल. रोखे विकले जातील, ते आता कुणाच्या हातात नाही. तिथे शिकवायला दुसरी कुणी येईल.

हे तुझ्या पत्रामुळे केलं आणि त्याबद्दल तुझा राग येतो. सत्तावीस वर्षांचं काम होतं माझं. तू सहा महिन्यांपूर्वी पेपरात लिहिलं असतंस की वीस डब्यांत हे छप्पर टिकतं, तर मी तुझ्या शेजारी सही केली असती. तू फक्त बोर्ड रंगवलास. आपण दोघांनी जुन्या छपराचं काय केलं, ते एकमेकांना विचारायला नको.

नाताळला येत नाही. लोभ संपला असेल तर तसं कळव, म्हणजे वाट बघणं थांबवेन.

तुझी बहीण,
ओडील